मिनी पोकलेन: डावी रबर चेन सारखी उतरते, मेकॅनिक म्हणतो फायनल ड्राइव्हच बदला

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. साडेतीन टनी मिनी पोकलेन आहे, रबर चेनचं. मीटर चार हजार तासांच्या वर गेलंय. कामं बहुतेक गोव्यातल्या डिचोली-साखळी पट्ट्यातली: घरांचे पाये, कंपाउंडचे चर, कुळागरात (पोफळींच्या बागेत) पाण्याच्या पाइपलाइनी.

डावी चेन वळताना उतरते. सकाळी ग्रीस मारून ताणून घेतली की दुपारपर्यंत पुन्हा लोंबायला लागते. चेन पावसाआधी नवी घातली आहे, म्हणजे ती झिजलेली नाही. दुसरी गोष्ट, तेल गरम झालं की मशीन डावीकडे ओढतं. सरळ न्यायचं तर ऑपरेटरला उजवा लिव्हर सारखा सैल सोडावा लागतो. थंड असताना तसं काही नसतं.

मेकॅनिक म्हणतो, डावा फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा गिअरबॉक्स) मोटरसकट नवा घाला. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की कामं सुरू होणार, तोवर मशीन उभं राहावं लागेल. एवढा खर्च अंगावर घेण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

पाये_आणि_चर
चेन लूज आहे म्हणून उतरते. झोळ पूर्ण जाईपर्यंत ग्रीस मारा आणि बघा. आमच्याकडे असंच चालतं.

हायड्रोलिक_काका (फोंडा)
डिचोलीकर, वरचा सल्ला कृपा करून घेऊ नका. लूज चेन उतरते हे बरोबर, पण झोळ पूर्ण काढलेली चेन त्याहून जास्त नुकसान करते. तो सगळा ताण आयडलरच्या (पुढच्या बिनदात्याच्या चाकाच्या) बेअरिंगवर आणि फायनल ड्राइव्हच्या पुढच्या बेअरिंगवर येतो. रबर चेनच्या आत पोलादी तारा असतात. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) आणि चेन यांच्यामध्ये चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा अडकला की आयडलरला मागे सरकायला जागा हवी, त्यासाठीच तर मागे ती जाड स्प्रिंग असते. चेन आधीच ताठ असेल तर स्प्रिंगला वाव कमी उरतो आणि आतल्या तारा तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस चेन अचानक लांबते.

झोळ मोजायची पद्धत सांगतो, अंदाजाने हात लावून बघू नका. घर (मशीनचा वरचा, केबिनचा भाग) फिरवून बूम त्या बाजूला आणा, बूम आणि आर्ममध्ये ९० ते ११० अंशांचा कोन ठेवा, बकेटची गोल पाठ जमिनीवर टेकवून ती बाजू उचला. चेन पुढेमागे फिरवून माती झाडून घ्या. फ्रेमखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. मग मधल्या रोलरचा (फ्रेमखालच्या छोट्या चाकाचा) खालचा भाग आणि चेनची आतली बाजू यातलं अंतर पट्टीने मोजा. या वजनाच्या बहुतेक रबर चेनच्या मशीनना ते १० ते २० मिमीच्या आसपास असतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल आणि तोच धरायचा. लोखंडी चेनचा झोळ यापेक्षा बराच जास्त असतो, तो आकडा इथे लावू नका. कुबोटा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणखी एक सूचना आहे: रबर चेनच्या सांध्यावर खूण असते, ती वरच्या बाजूला स्प्रॉकेट आणि आयडलरच्या मधोमध आणून मगच मोजायचं. बरेच जण हे बघत नाहीत आणि दर वेळी वेगळं माप येतं.

आता तुमच्या तक्रारीकडे. सकाळी ताणलेली चेन दुपारी सैल होते म्हणजे ॲडजस्टरमध्ये (चेन ताणणाऱ्या सिलिंडरमध्ये) भरलेलं ग्रीस कुठूनतरी निघून जातंय. दोनच वाटा आहेत. एक म्हणजे ज्या व्हॉल्व्हवर निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे तो धरत नाही, दुसरी म्हणजे सिलिंडरचं सील. ट्रॅक फ्रेमच्या बाजूला जी खिडकी असते तिथली माती चिंधीने पूर्ण पुसून काढा, ग्रीस भरा, तासभर काम करा आणि पुन्हा बघा. व्हॉल्व्हच्या भोवती ताज्या ग्रीसची वर्तुळं दिसली तर व्हॉल्व्ह. खिडकी कोरडी, पण फ्रेमच्या आत आयडलरच्या बाजूला लाल मातीत कालवलेलं ग्रीस साचलेलं दिसलं तर सील.

हे करताना एक गोष्ट विसरू नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. चेन सैल करताना व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा, एका फेऱ्याच्या वर नाही. निपल सुटा काढायचा नाही. चेहरा आणि हात समोर नकोत. दाबाचं ग्रीस कातडीतून आत गेलं तर बाहेर टाचणीच्या टोकाएवढाच ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं कोणाला झालं तर मलम लावून घरी बसवू नका, लगेच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरला ग्रीस दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

खाजनवाला (चोडण)
काकांना +१. आमची कामं खाजनातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) बांधांची, सगळा खारा चिखल. आमच्याकडे उलटा त्रास होतो, ॲडजस्टर सैलच होत नाही. रॉड गंजून सिलिंडरमध्ये बसतो, चिखल स्प्रॉकेटमध्ये दाटला की चेन ताठ होते आणि ती सोडायचा मार्ग राहत नाही. म्हणून आम्ही खाजनात उतरण्याआधी झोळ मॅन्युअलच्या मर्यादेतच, पण सैल टोकाला ठेवतो. बाहेर आलो की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतो. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की मीठ आपलं काम करून जातं. रबरला खारं पाणी काही करत नाही, पण कडेला चीर गेली असेल तर पाणी आतल्या तारेपर्यंत पोचतं. तार गंजली की ती चेन संपलीच म्हणायची.

प्रेशर पंपाने धुवा, पण नोझल रोलरच्या सीलवर आणि फायनल ड्राइव्हच्या सांध्यावर जवळून धरू नका. पाणी आत ढकललं जातं.

डिचोलीकर
काका, खूप आभार. पुसून बघितलं. खिडकीत व्हॉल्व्हच्या भोवती ताजं ग्रीस आलं होतं. झोळ मोजला, डाव्या बाजूला मर्यादेच्या दुपटीहून जास्त. स्प्रॉकेटचे दात जवळून बघितले तर एका बाजूने खाल्लेत, टोकं वाकडी झाल्यासारखी वाटतात. नवी चेन घालताना स्प्रॉकेट जुनंच ठेवलं होतं, बसवणाऱ्याने चालेल म्हणून सांगितलं.

आणि फायनल ड्राइव्हचं तेल बघावं म्हणून लेव्हलचा प्लग सोडला तर तेल दाबाने बाहेर उडालं. पातळ आहे, गिअर ऑइलसारखं चिकट नाही, वासही हायड्रोलिक तेलाचा. याचा अर्थ काय?

हायड्रोलिक_काका (फोंडा)
या प्लगमधून आलेलं तेल सगळं सांगून गेलं. इथे नीट थांबून समजून घेऊ, कारण तुमचा मोठा खर्च इथेच वाचणार किंवा बुडणार आहे.

चेन उतरण्याचं कारण वेगळं, मशीन ओढण्याचं वेगळं. चेनचा विषय सोपा आहे: व्हॉल्व्ह बदला, स्प्रॉकेट बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली की दात चेनमधल्या लोखंडी कोअरवर नीट बसत नाही, चढतो आणि घसरतो. सैल चेनबरोबर हे झालं की उतरणारच. त्यातून नवी चेनही खराब होते, म्हणून कोअरवरच्या खुणाही बघून घ्या.

आता फायनल ड्राइव्ह. त्याच्यात दोन भाग आहेत. आतल्या बाजूला पिस्टनची हायड्रोलिक मोटर, बाहेरच्या बाजूला प्लॅनेटरी गिअर. मोटरमध्ये हायड्रोलिक तेल, गिअरमध्ये गिअर ऑइल, आणि दोघांच्या मध्ये शाफ्टवर एक छोटं सील. ते सील गेलं की मोटरचं तेल गिअरमध्ये शिरतं, गिअरबॉक्स काठोकाठ भरतो आणि दाब धरतो. तसंच चालवलं तर पुढची पाळी बाहेरच्या फ्लोटिंग सीलची. तो गेला की स्प्रॉकेटच्या मागे तेल ओघळायला लागतं आणि त्याच वाटेने माती आत जाते. मग मात्र गिअर खरोखरच बदलावे लागतात.

पण सील का गेलं, हा प्रश्न विचारल्याशिवाय सुटे भाग मागवू नका. मोटरमध्ये आतल्या आत जे थोडं तेल गळतं ते केस ड्रेनच्या बारीक पाइपातून टाकीत परत जातं. त्या पाइपात दाब नगण्य असायला हवा. कुठल्याही कारणाने तो वाढला की सगळ्यात दुबळी जागा म्हणजे हे शाफ्टचं सील, तेच फुटतं. कारण तसंच ठेवून नवा फायनल ड्राइव्ह घातला तर त्याचंही सील फुटेल.

तुमचं मशीन गरम झाल्यावरच ओढतं यावरून कुठेतरी आतली गळती आहे. तेल पातळ झालं की गळती वाढते. ती मोटरमध्ये आहे, सेंटर जॉइंटमध्ये (फिरणाऱ्या घरातून खालच्या मोटरना तेल नेणाऱ्या जोडात) आहे, की वर व्हॉल्व्ह-पंपात, ते पाइप अदलाबदल करून कळतं. इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब सोडलेला, टाकीचं झाकण सैल, आणि उघडलेल्या प्रत्येक तोंडाला टोपी. मातीचा एक कण आत गेला तरी नवं दुखणं.

पहिली पायरी: सेंटर जॉइंटच्या खालून मोटरकडे जाणारे डाव्या बाजूचे दोन पाइप आणि उजव्या बाजूचे दोन पाइप आपसात बदला. आता डावा लिव्हर उजवी चेन चालवेल, त्यामुळे मोकळ्या जागेतच करा आणि आसपास माणूस नको. एकेक बाजू उचलून स्प्रॉकेटच्या ठरावीक फेऱ्यांना किती वेळ लागतो ते गरम तेलावर बघा. तरीही डावीच बाजू मंद राहिली तर मोटर दोषी. मंदपणा उजवीकडे गेला तर मोटर निर्दोष, दोष वर.

दुसरी पायरी, मंदपणा उजवीकडे गेला तरच: खालचे पाइप पूर्ववत करा आणि व्हॉल्व्हकडून सेंटर जॉइंटला वरून येणारे पाइप तसेच बदला. आता उजवी बाजू मंद झाली तर व्हॉल्व्ह किंवा पंप. डावीच मंद राहिली तर सेंटर जॉइंट.

पाये_आणि_चर
एवढं सगळं करण्यात दोन दिवस जातात. मेकॅनिक ड्राइव्ह बदलून संध्याकाळी मशीन चालू करून देतो.

हायड्रोलिक_काका (फोंडा)
देतो, आणि काही महिन्यांनी तेच सील पुन्हा फुटतं. मग सगळे म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता.

सत्तरीचा_ऑपरेटर
थोडं ऑपरेटरच्या बाजूने लिहितो. मी आधी खाणीवर मोठी पोकलेन चालवायचो. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर आम्ही बरेच जण या छोट्या मशीनवर आलो. लोखंडी चेनवरची सवय रबर चेनवर चालत नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. खाणीत एक चेन पुढे एक मागे करून जागच्या जागी फिरवायचो. रबर चेन चिऱ्याच्या खडबडीत पृष्ठभागावर तशी फिरवली की लग (चेनवरचे रबरी उंचवटे) सोलले जातात आणि चेन आयडलरवरून बाजूला ढकलली जाते. आता मी पुढे जाऊन, थोडं वळून, मागे येऊन वळवतो. वेळ लागतो, पण चेन टिकते.

तसंच लांब चालवताना स्प्रॉकेट मागे आणि आयडलर पुढे असावा. घर उलटं फिरवून तासन्तास चालवलं की लिव्हरही उलटे पडतात आणि स्प्रॉकेट-चेनची झीजही वाढते. चढ चढताना तर स्प्रॉकेट खालच्या बाजूलाच हवं. उतारावर आडवं वळू नये, बहुतेक चेन तिथेच उतरतात. आणि चिऱ्याच्या कापलेल्या कडेवर किंवा काँक्रीटच्या कर्बवर चेनची अर्धी रुंदी टेकवून चालवायची नाही. कड कापली जाते, आणि मग खाजनवाल्यांनी लिहिलं तेच होतं.

मालकांना एक विनंती. संध्याकाळी काम आटपलं की अर्धा तास ऑपरेटरला चेन साफ करायला द्या आणि तो अर्धा तास हजेरीत धरा. आपल्याकडची लाल माती ओली असताना फावड्याने निघते, रात्रभर वाळली की विटेसारखी होते. सकाळी त्याच मातीत रोलर अडकतो, फिरत नाही, चेनवर घासत राहतो आणि एका बाजूने सपाट होतो. मी असे रोलर हाताने फिरवून बघितलेत, खालची बाजू करवतीने कापल्यासारखी. ट्रेलर निघायची घाई असते, भाडं दुसऱ्या साइटवर थांबलेलं असतं, आणि मग चेन तुटली की बोल ऑपरेटरला.

कुळागर_केरी
ऑपरेटर दादांचं शंभर टक्के बरोबर. आमच्या पोफळींच्या ओळींतून मशीन नेताना वळायला जागाच नसते, पण आधी वाट आखून घेतली की जागच्या जागी फिरवायची वेळ येत नाही.

एक प्रश्न: खालच्या रोलरना ग्रीस कुठून मारायचं? निपल सापडत नाही.

खाजनवाला (चोडण)
मारायचंच नसतं. मिनी मशीनचे रोलर कायमचे सीलबंद असतात, आत तेल भरलेलं असतं. रोलरच्या टोकाला ओलसर काळी धूळ चिकटलेली दिसली तर सील गेलं. तो रोलर लवकर बदला, नाहीतर कोरडा पडून जाम होतो. खालच्या भागात ग्रीस फक्त चेनच्या ॲडजस्टरला.

म्हापसा_स्पेअर
चेन घेणाऱ्यांसाठी. रबर चेनवर आतल्या बाजूला आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३०० × ५२.५ × ८४. पहिला रुंदी, दुसरा एका कोअरपासून पुढच्या कोअरपर्यंतचं अंतर, तिसरा एकूण लिंक. हे तिन्ही जुळले तरी पुरत नाही. कोअरच्या मार्गदर्शक दातांची उंची आणि दोन दातांमधली रुंदीही मशीनगणिक बदलते. ती जुळली नाही तर चेन बसते, पण रोलर दातांवर घासतात किंवा चेन भटकते. म्हणून मॉडेल नंबर आणि जुन्या चेनचा आतल्या बाजूचा फोटो दोन्ही पाठवा. डावी-उजवी शक्यतो जोडीने बदलावी. आणि डिचोलीकरांच्या बाबतीत जे झालं ते टाळायला चेन मागवतानाच स्प्रॉकेटचा फोटोही पाठवा, आम्ही बघून सांगतो.

चेन ठेवायची असेल तर सावलीत ठेवा. ऊन, डिझेल आणि सांडलेलं तेल रबरचे शत्रू आहेत.

डिचोलीकर
मंडळी, चाचणी झाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे खालचे पाइप बदलले, मंदपणा उजवीकडे गेला. म्हणजे मोटर चांगली! मग वरचे बदलले, तर डावीच बाजू मंद. सेंटर जॉइंट.

जॉइंट उतरवून उघडला. आतल्या सीलच्या रिंगांपैकी एक कडक होऊन चिरली होती. ती डाव्या बाजूच्या दाबाचा मार्ग आणि केस ड्रेनचा मार्ग यांच्या मधलीच. काका, म्हणजे दाबाचं तेल सरळ ड्रेनमध्ये जात होतं ना?

हायड्रोलिक_काका (फोंडा)
हो, अगदी तेच. डावीकडे जाणाऱ्या तेलातला वाटा ड्रेनमध्ये गेला म्हणून डावी चेन मंद. ड्रेनमध्ये दाब चढला म्हणून शाफ्टचं सील फुटलं. मशीन ओढणं आणि सील फुटणं, दोन्हींच्या मुळाशी एक रिंग. नवा फायनल ड्राइव्ह घातला असता तर त्यातही हाच दाब चढला असता.

जॉइंटचं पूर्ण सील किट बदला, एकच रिंग नको. आतल्या शाफ्टवर नख फिरवून बघा, ओरखडा नखाला लागला तर तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवी सीलही कापली जातील. आणि ड्रेनचा मार्ग दोन्ही मोटरना सामाईक असतो, त्यामुळे उजव्या फायनल ड्राइव्हचा लेव्हल प्लगही उघडून बघा. तिकडचं सील अजून धरून असेल, पण तोही दाब सोसून आहे.

डिचोलीकर
उजवीकडे तेल लेव्हलला होतं, जाड आणि स्वच्छ. प्लगच्या चुंबकावर फक्त करडा लेप, कण नाहीत.

डावीकडे शाफ्टचं सील बदललं, जॉइंटला किट घातलं, स्प्रॉकेट आणि ॲडजस्टरचा व्हॉल्व्ह नवा. झोळ मॅन्युअलप्रमाणे, सांध्याची खूण वर आणून मोजला. मशीन पूर्ण गरम करून साखळीच्या चढावर नेलं, लिव्हर दोन्ही पूर्ण पुढे, सरळ गेलं. गिअर ऑइल एकदा भरून थोडं चालवून पुन्हा काढलं, आत राहिलेलं हायड्रोलिक तेल निघून जावं म्हणून. सत्तरीच्या दादांचं वाचून आमच्या ऑपरेटरशीही बोललो. संध्याकाळचा अर्धा तास आता हजेरीत धरला आहे.

पेडणेकर_३०
सुंदर धागा. माझं मशीन नवंच आहे. फायनल ड्राइव्हचं तेल कधी बदलायचं आणि कुठलं?

हायड्रोलिक_काका (फोंडा)
मॅन्युअल आधी. साधारणपणे नव्या मशीनचं पहिलं तेल लवकर काढतात, पहिल्या ५० ते १०० तासांच्या टप्प्यात, कारण नवे गिअर एकमेकांवर बसताना बारीक लोखंड सुटतं. पुढे ५०० ते १००० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यापैकी जे आधी येईल ते. बहुतेक मशीनना ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल चालतं, अर्धा ते एक लिटर लागतं प्रत्येक बाजूला. चेन फिरवून ड्रेनचा प्लग अगदी खाली आणा, तेल कोमट असताना सोडा, आणि भरताना लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंतच भरा. काढलेलं तेल पारदर्शक बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, आणि पेडण्यात रेतीत किंवा खाडीच्या काठावर काम करत असाल तर हे दर पावसानंतर बघा. दोन्ही बाजूंच्या बाटल्या शेजारी ठेवा, फरक लगेच दिसतो.

पेडणेकर_३०
धन्यवाद काका. मीटर ७० वर आहे. या रविवारीच काढतो.